गुणाच्या मापाची

मी बोलतेय, फणसाच्या लाकडाची एक बुटकी खुर्ची. बुटकी म्हणजे किती, तर माझी बैठक जमिनीपासून जेमतेम वीतभर. पाठ मात्र उंच आणि दोन्ही अंगांनी आत वळलेली. पुढे वाटी ठेवायला एक पाटी आहे, ती हवी तेव्हा बसवता येते. मला पहिल्यांदा बघणारे विचारतात, ही खुर्ची की देव्हारा? मला त्याचा राग येत नाही. देव्हाऱ्यात देव बसतात, माझ्यात पोर बसतं. देव निदान लाथा झाडत नाहीत, एवढाच काय तो फरक.

आधी मी झाडाची फांदी होते. अणशीच्या अलीकडे रस्ता सोडून रानातून तासभर चाललं की सहा घरांची एक वाडी लागते. तिथल्या वासूच्या अंगणात आमचा फणस उभा आहे. झाडपणाचं मला आता तुटक तुटक आठवतं. पण दुपारी डोळा लागला की अजून पायांतून पाणी वर चढल्यासारखं वाटतं, आणि चैत्र आला की अंगाला कुयऱ्या, कोवळे फणस, लागल्याचं स्वप्न पडतं.

त्या फांदीवरूनच मी फुलाला पाहत आले. फुला म्हणजे वासूची बायको. तिची लेक गुणा जन्मली तेव्हा बराच वेळ रडलीच नव्हती. पुढे चार वर्षांची झाली तरी ती मान धरेना. अंग कधी काठीसारखं ताठ, कधी एकदम सैल. बोलणं नाही, पण डोळे सगळीकडे फिरायचे. मांजर गेलं की मांजरामागे, पान गळलं की पानामागे. फुला तिला मांडीवर आडवी घेऊन पेज भरवायची, आणि दर दोन घासांना गुणाला ठसका लागायचा. पोर निळी पडायची. फुला तिच्या पाठीवर थापट्या मारत नुसती बसून राहायची. त्या हिवाळ्यात तर ताप छातीत गेला. जोयड्याचा डॉक्टर म्हणाला, अन्न श्वासाच्या वाटेने जातंय, पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही. घरी आल्यापासून प्रत्येक जेवणाला फुला घास हातात धरून आधी गुणाचा श्वास ऐकायची. जेवण ही भ्यायची गोष्ट असते, हे मला तिच्याकडे बघून कळलं.

सत्याऐंशी साल असेल. एका गुरुवारी खांद्याला कापडी पिशवी लावलेली एक बाई पायवाटेने आली. ती विमल, रामनगरची. अशी पोरं ज्या घरात आहेत तिथे जाऊन आईबापांना हाताशी धरणारी एक संस्था होती, तिचं काम करायची. दर दुसऱ्या गुरुवारी एसटीने यायची आणि पुढे चालायची. पहिल्या खेपेला फुलाने गुणाला आतल्या खोलीत ठेवून दार ओढून घेतलं. "घरात पोर न्हाई," म्हणाली. विमल बरं म्हणाली आणि सूप पुढ्यात ओढून तिच्याबरोबर कुळीथ निवडत बसली. दुसऱ्या खेपेलाही निवडत बसली. तिसऱ्या खेपेला आतून गुणाचा आवाज आला, तशी फुला उठली आणि पोरीला घेऊन आली.

"वैनी, हिला आडवी भरवायची नाही," विमल म्हणाली. "बसती करून भरवायची. हनुवटी जरा खाली हवी, घास बोराएवढा, आणि एक गिळल्याशिवाय दुसरा नाही."

"बसतीच व्हत न्हाई तर कशी बसवू, अक्का?"

"बसेल असं काहीतरी करू की."

तिने टेप काढून गुणाची मापं घेतली. कंबर, मांडी, पाठ, पायाच्या घोट्यापर्यंतची उंची. सगळं कागदावर लिहून फुलाच्या हातात दिलं. माझी फांदी घराच्या कौलांवर टेकायला लागलीच होती, वासूने ती उतरवली. आणि वाडीतला सुतार झिलू मेस्त रंधा घेऊन आमच्या अंगणात बसला.

झिलूच्या हातात जादू होती, हे मी कौतुकाने सांगते. पण त्याने माप वाचलं आणि फुलाकडे पाहिलं.

"पोरीचं अंग वाढतं हाय न्हवं?"

"व्हय तर."

"मग चार बोटं जास्त ठेवतो. दोन वरसांत आखूड पडंल न्हाई तर."

"जरा ऐसपैसच कर, अण्णा," फुला म्हणाली.

आता यात चूक ती काय? आमच्याकडे पोराचं झबलं शिवतात ते पुढच्या वर्षाला येईल असं. परकर घेतात तो दोन चुण्या आत घालून. वाढत्या अंगाला बेताचं माप देणं हा कद्रूपणा, आणि अपशकुनसुद्धा, जणू पोर वाढणारच नाही. गुणा वाढेल, यावर फुलाचा केवढा विश्वास होता! ती चार बोटं म्हणजे तिची सगळी आशा होती. मी तयार झाले ती अशी, आशेने रुंद झालेली.

पहिल्या दिवशी मला सारवलेल्या जमिनीवर मांडलं, हळदकुंकू लावलं आणि गुणाला बसवलं. ती माझ्यात हरवूनच गेली. डावीकडे कलली, फुलाने सावरलं तर उजवीकडे घसरली, आणि हनुवटी पाटीवर आपटली. ओठातून रक्त आलं. फुलाने तिला उचलून छातीशी धरलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा झाड व्हावंसं वाटलं. वासूने एका हाताने मला उचललं आणि माळ्यावर टाकलं.

पंधरा दिवस मी कणग्यांच्या मागे धुरात पडून होते. खाली ठसक्याचा आवाज यायचा, मग थापट्या, मग शांतता. त्या शांततेत मी लाकूड असून श्वास धरून बसायची.

विमल आली तेव्हा फुलाने तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. "तुजी खुर्ची ने परत. माजी मांडीच बरी." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर पोरीचा ओठ फुटला होता. विमलने मला खाली काढायला लावलं, टेप लावली, आणि कपाळाला हात लावून बसली.

"चूक माझी आहे, वैनी. मी माप दिलं, पण ते कशाला ते सांगितलंच नाही. हिच्या अंगाला स्वतःचा आधार नाही, म्हणून खुर्चीने तिला धरायला हवं. तुम्ही तिला पोटाशी धरता तेव्हा मधे चार बोटं जागा ठेवता का?"

 गुणाला पोटाशी धरलेले आपले हात फुलाने एकदा खाली मान घालून पाहिले.

झिलूला बोलावणं गेलं. तो आधी फुगला. "माज्या हातचं काम कवा परत आलं न्हाई," म्हणाला. विमलने त्याला वाद न घालता गुणाशेजारी बसवलं आणि तिची पाठ त्याच्या तळहातावर ठेवली. ती कशी कलते, कुठे धरली की थांबते, हे त्याच्या हाताला कळलं. हाताला कळलं की झिलूला वेगळं सांगावं लागत नसे. त्याने माझ्यावर करवत चालवली नाही. फणसाच्याच चार पातळ फळ्या तासल्या, दोन बाजूंना दोन आणि पाठीशी दोन, खाचांत सरकवून बसवल्या.

"पोर वाढंल तशी दर वरसाला एक काडायची," तो म्हणाला. "तुजं बी खरं, अक्का, आनि फुलाचं बी."

गुणा बसली. या खेपेला मी तिला धरलं. तिचं डोकं माझ्या पाठीला टेकलं, आणि तिने पहिल्यांदा अंगण सरळ पाहिलं. आजवर तिला सगळं आडवं दिसत असणार. ती बघत राहिली, बघत राहिली, आणि फुला तिच्याकडे. त्या दुपारी फुलाने बोराएवढे अकरा घास भरवले. ठसका दोनदाच लागला.

दसऱ्याच्या सुमाराला नवं आलं. शेतातली पहिली कणसं आणून दाराला, नांगराला, कणगीला बांधतात, आणि सगळी वाडी एका पंगतीत नव्या तांदळाची खीर जेवते. गुणा कधी पंगतीत नव्हती. तिला मागाहून, कोपऱ्यात भरवायचं, हे ठरलेलंच होतं. यंदा फुलाने एक कणीस माझ्या पाठीला बांधलं आणि मला पंगतीच्या टोकाला आणून मांडलं. वासूने तिच्याकडे पाहिलं. "हितंच?" म्हणाला. "हितंच," ती म्हणाली. तिला किती धाडस लागलं असेल, ते माझ्या पाटीवर टेकलेल्या तिच्या बोटांवरून मला कळत होतं. सगळ्यांसमोर पोर निळी पडली असती तर?

आमच्या वाडीची एक रीत आहे. पंगत एकदम बसते आणि एकदम उठते. कुणाचं आधी उरकलं तरी शेवटचा जेवेपर्यंत हलायचं नाही. वाढपी फिरले, सगळे जेवले, हात वाळले. गुणाची खीर अजून अर्धी होती. एक घास, मग थांबणं. मग हनुवटी खाली, मग गिळणं. लोक चुळबुळायला लागले. झिलूचा पाय बधिर झाला. फुला घाबरली आणि वाटी बाजूला ठेवून म्हणाली, "उठा तुमी. मी बसते हिच्याबरुबर."

वासूचा चुलता विठ्ठल पंगतीत सगळ्यांत थोरला. त्याने उठायला लागलेल्यांकडे नुसतं पाहिलं.

"पंगतीत बसलं ते पंगतीचं. जेवू दे तिला."

आणि सगळी वाडी बसून राहिली. कुणी पावसाच्या गोष्टी काढल्या, कुणी रानडुकरांच्या. पंगतीला आलेल्या विमलची एसटी गेली. तिने घड्याळ पाहिलं आणि पिशवीत टाकून दिलं. ऊन अंगणातून सरकत फणसाच्या बुंध्याशी गेलं, तेव्हा वाटी रिकामी झाली. गुणाने माझ्या पाठीचं कणीस मुठीत धरून ओढलं, दाणे पाटीवर सांडले, आणि ती मोठ्याने हसली. मग पंगत उठली. फुला मात्र तिथेच बसून पदरात तोंड घालून रडली, आणि कुणी तिला रडू नको म्हटलं नाही.

त्यानंतर दर नव्याला झिलू यायचा आणि एक फळी काढायचा. पहिली निघाली, दुसरी निघाली. गुणा चालली नाही, बोलली नाही, ते खोटं कशाला सांगू. पण दोन्ही हातांनी पेला धरायला शिकली, आणि कोण हवं ते डोळ्यांनी सांगायला. तापाने पुन्हा ती दवाखान्यात गेली नाही. चौथी फळी निघाल्यावर एक वर्ष मी तिला अगदी बेताची बसले. फुलाने धरलेली चार बोटं अशी भरली. मग तिला नवी, मोठी खुर्ची आली आणि मी माळ्यावर गेले. या खेपेला टाकली नाही, ठेवली. धुराने माझं पिवळं अंग मधासारखं झालं. मी झोपायची, जागी व्हायची, खाली गुणाचं हसू ऐकायची, पुन्हा झोपायची.

एकदा विमल म्हणाली, कुंभारवाड्याकडच्या एका वाडीत केशर म्हणून आहे. तिचा मुलगा लाडू तीन वर्षांचा, गुणासारखाच. दार उघडत नाही ती. फुलाने मला खाली काढलं, राखेने घासलं, चारही फळ्या फडक्यात बांधल्या आणि मला डोक्यावर घेऊन निघाली. फुलाच्या डोक्यावरून मी पुन्हा रान पाहिलं, फांदीवरून दिसायचं तसं.

केशरने दार उघडलं नाही. फुला बाहेर बसून तिच्या अंगणातले वाल सोलत राहिली. दोनदा अशी बसली. तिसऱ्यांदा दार उघडलं. लाडूसाठी फुला फळ्या सरकवू लागली, तर केशर म्हणाली, "येवडी आवळ कशाला? वाडतं अंग हाय त्येचं."

"व्हय गो," फुला म्हणाली. "वाडंल तो. पर आज हाय तेवड्याला आज धर."

आता मी इथेच आहे. चारही फळ्या पुन्हा माझ्यात आहेत, आणि लाडूचं ऊबदार डोकं माझ्या पाठीला टेकलेलं आहे. तुमच्या माळ्यावर माझी कुणी बहीण पडली असेल तर तिला जपून ठेवू नका, जिथे दार बंद आहे तिथे पोचवा. बाहेर भाताला रंग चढतोय, नवं आठ-दहा दिवसांवर आलंय, आणि केशर काल वासूच्या वाडीची रीत पुन्हा पुन्हा विचारत होती. या वर्षी जेवायला इकडे येणार असाल तर सवडीने या. आमची पंगत लवकर उठणार नाही.