फुकटातलं ऑपरेशन

म्हसवडजवळच्या एका वाडीत रुक्सार भाकऱ्या थापत होती, तेवढ्यात गावची आशा सेविका राजेश्वरी दारात आली. रुक्सार सव्वीस वर्षांची, एका मुलीची आई. नवरा तारिक मुंबईत कामाला. पावसाळ्यापासून तिच्या ओटीपोटात दुखत होतं. गावच्या उपकेंद्रात हेलपाटे घालून ती थकली होती. उत्तर ठरलेलं: गोळ्या वरूनच आलेल्या नाहीत.

“सांगलीच्या दवाखान्याची गाडी आलीया,” राजेश्वरी म्हणाली. “सरकारी योजनंत समदं फुकट. चल, मी हाय की संगं.”

बाळंतपणात रात्रभर उशाशी बसलेली ही बाई. रुक्सार निमूट गाडीत बसली. सासू शाहजादीही सोबत निघाली.

त्या खासगी दवाखान्यात डॉक्टरांनी घाईघाईने सोनोग्राफी केली. “पिशवी सडलीय. ठेवली तर कॅन्सर होईल.”

शाहजादी हादरली. “पोरगी जगली म्हंजी झालं,” म्हणत तिने अंगठा उठवला. रुक्सारला कुणी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी तिचं गर्भाशय काढलं.

दुखणं मात्र तसंच राहिलं. वर अंगाची आग होऊ लागली, कंबर धरली. शेवटी ती साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जुने रिपोर्ट दोनदा चाळले.

“साधा जंतुसंसर्ग होता. गोळ्यांनी बरा झाला असता.”

“मंग कापलं कशापायी?”

“गोळ्या दिल्या तर दवाखान्याला योजनेतून काही मिळत नाही, बाई. ऑपरेशनचं मिळतं.”

परतल्यावर तिने राजेश्वरीला गाठलं. “तुला ठावं हुतं?”

राजेश्वरीची नजर खाली गेली. “बाई आणली की दवाखान्यावालं माज्या हातावर कायतरी ठिवायचं. पर पिशवीचं म्या इचारलं न्हाई गं.”

“दुसऱ्या कुणाच्या गाडीत म्या बसले असते व्हय?” रुक्सारचा आवाज फुटला. “तू हुतीस म्हून बसले.”

पुढच्या ग्रामसभेत आरोग्य खात्याचे साहेब आले. यंदा सरकारने आरोग्यावर किती खर्च केला, ते कौतुकाने सांगू लागले. रुक्सार उठली.

“सायेब, आमच्या उपकेंद्रात गोळी न्हाई. पर माझी पिशवी कापायला सरकारनं पैसं दिलं. ह्ये कुणी ठरवलं?”

“धोरण वर ठरतं, ताई.”

राजेश्वरी मान खाली घालून बसून राहिली. पण बायकांच्या घोळक्यातून वाडीतलीच रंगूबाई उठली. मग तिची सून. मग आणखी कुणी कुणी, दुखऱ्या कंबरेवर हात टेकत. रुक्सार पाहतच राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, अशी पिशवी गेलेली आपण एकटीच.

“वर म्हंजी कुठं, सायेब?” ती म्हणाली. “पत्ता सांगा. आमी समद्या येतो.”