दातवाल्यांची रेल्वे

दातवाल्यांनी श्वास रोखला, दोन्ही कोपरं टेबलाच्या कडेवर टेकवली आणि फोनवरचं बटण दाबलं. पूल पुन्हा धूसर आला. हा तेरावा फोटो होता. पुलाच्या काड्या एकेक मोजता याव्यात म्हणून ते एवढे वाकले होते की पाठ भरून आली होती, आणि फोटोत मात्र पूल धुक्यातून पाहिल्यासारखा दिसत होता. ते उठले, खिडकी उघडली, पुन्हा लावली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी न पिताच परत आले. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

बाराच्या आत फोटो टाकायचे हा त्यांचा सहा वर्षांचा नेम होता. मुलगी लग्न होऊन गेली, तिची खोली रिकामी झाली आणि दोन जुनी दारं आडवी टाकून त्यांनी तिथे रेल्वे मांडायला घेतली. दोन रूळ, एक स्टेशन, एक बोगदा, आणि आता हा पूल. पोटापाण्याचा धंदा कवळ्या बनवायचा, त्यामुळे डोंगर दातांच्या साच्याच्या प्लास्टरचे झाले. रुळांमधली खडी म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा. झाडं भांडी घासायच्या घासणीची होती, आणि घरात घासणी टिकत नाही ही बायकोची जुनी तक्रार होती. आठवडाभरात जे काही झालं असेल त्याचे फोटो ते रविवारी ‘छोटी रेल्वे’ नावाच्या गटावर टाकत. गटात घरोघरी असले खेळ मांडून बसलेली चाळीसएक माणसं होती. कुणी कुणाला भेटलेलं नव्हतं. दातवाले हे नाव गटानेच दिलेलं, आणि ते त्यांना मनापासून आवडलं होतं.

शेवटी त्यातल्या त्यात बरा फोटो त्यांनी पाठवला. लगेच गार्डसाहेबांचं उत्तर आलं. हे खरोखरच रेल्वेत गार्ड होते आणि निवृत्तीनंतर इतरांच्या चुका काढण्यात त्यांचा वेळ मजेत जाई. पूल झकास आहे, पण गेले तीन रविवार फोटो हलतोय, काच पुसा, असं त्यांनी लिहिलं होतं. दातवाल्यांनी काच पुसली. दुसऱ्या दिवशी नवीन दिवा आणला. पुढच्या रविवारी दिव्याच्या लख्ख उजेडात पूल तसाच धूसर आला.

त्या संध्याकाळी गटातल्या सिस्टरचा निरोप आला, गटावर नाही, एकट्या त्यांना. सिस्टर स्वतःचं काहीच बनवत नसे, फक्त इतरांचं बघायची.

‘दादा, राग मानू नका. मी वॉर्डात अठरा वर्षं काढली आहेत. तुमचा फोन चांगला आहे. उजवा हात एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.’

दातवाल्यांना राग आलाच. कोण कुठली बाई, फोटो बघून आजार ओळखते म्हणे. त्यांनी निरोप पुसून टाकला. पण मनातून तो पुसला जाईना. सोमवारी बसमध्ये दांडा धरलेला हात त्यांनी उतरेपर्यंत न्याहाळला. तो अगदी स्थिर होता. मग सीट मिळाली, हात मांडीवर ठेवला, आणि अंगठा आपला आपणच तर्जनीवर फिरू लागला, जणू बोटांत काहीतरी चुरत असल्यासारखा. त्यांनी डावा हात त्यावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. एक स्टॉप आधीच उतरले, उगाच.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवायचा, मग तो नमुना पुढे डॉक्टरीणबाईंकडे तपासायला द्यायचा. एकोणतीस वर्षांत त्यांचा नमुना परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्या आठवड्यात एक आला. पुढचा दात किंचित कललेला होता. बाई काही बोलल्या नाहीत, चिठ्ठीही नव्हती, नमुना नुसता टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलेला. त्यांनी तो तीन वेळा उकलून पुन्हा बसवला आणि त्या दिवशी डबा न उघडताच घरी नेला.

मग त्यांनी फोनला तीन पायांचा स्टँड आणला. बटण दाबून हात बाजूला घ्यायचा, दहा सेकंदांनी फोटो आपोआप निघायचा. फोटो असे निघाले की घासणीचा तंतू न् तंतू मोजावा. गटाने वाहवा केली. गार्डसाहेबांनी तर आपल्या सल्ल्याचं चीज झालं असं जाहीर करून टाकलं.

फोटो उत्तम येत होते, पण दाखवायला नवीन काही होत नव्हतं. सिग्नलचा हात खांबाला जोडायचा होता, तो चार वेळा पडला आणि पाचव्यांदा मोडला. पुलाचा कठडा अर्धाच राहिला. पहिल्या रविवारी त्यांनी बोगद्याचा फोटो मागच्या बाजूने काढला आणि ‘बोगद्याची मागची बाजू पूर्ण’ असं लिहिलं. ती दोन वर्षांपूर्वीच पूर्ण झाली होती. पुढच्या रविवारी डोंगर खालून, त्याच्या पुढच्या रविवारी तोच डोंगर वरून. चौथ्या रविवारी दिव्याची जागा बदलून संध्याकाळचं स्टेशन दाखवलं. लोक कौतुक करत होते आणि दातवाले फोन पालथा घालून घरभर फिरत होते. सिस्टरने एकाही फोटोला पसंतीचा अंगठा दिला नव्हता. ते पुन्हा पुन्हा फोन उचलून तेवढंच बघत.

“बसा ना एका जागी,” बायको म्हणाली. “तुमच्याकडे बघून मलाच धाप लागते.”

ती शाळेच्या ऑफिसात कारकून होती आणि रविवारी आठवड्याची इस्त्री करायची. दातवाले तिच्यामागून दोनदा गेले, दोनदा आले, आणि मग त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. आज काहीतरी नवीन झालंच पाहिजे असं त्यांनी ठरवलं होतं. फार नाही, फलाटावर फक्त एक माणूस उभा करायचा. गव्हाच्या दाण्याहून जरासा मोठा माणूस, हातात बॅग. त्यांनी तो चिमट्यात धरला, पायाला गोंद लावला आणि हात पुढे नेला. फलाटाच्या कडेने बारीक तारेचे नऊ दिवे होते. एकेका दिव्याला त्यांनी अडीच दिवस दिले होते.

हात दिव्यांच्या वर गेला आणि थरथरला. पहिला दिवा दुसऱ्यावर पडला. त्यांनी सावरायला दुसरा हात घातला, तर उरलेले सगळे आडवे झाले. माणूस कुठे उडाला तेही दिसलं नाही.

आवाज असा झालाच नव्हता. तरी बायकोने दार उघडलं. ते चिमटा हातात घेऊन तसेच उभे होते, आणि चिमट्याची दोन टोकं एकमेकांवर टकटक करत होती. ती आत आली, त्यांच्या हातातून चिमटा काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

कधीपासून आहे हे, असं तिने विचारलं नाही. प्रश्न त्यांनीच केला, तिच्या चेहऱ्याकडे बघून. “तुला कधीपासून माहीत आहे?”

“चार महिने झाले. शर्टाची वरची बटणं तुम्ही लावेनासे झालात तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, तुम्ही सांगाल.”

मग ती खाली बसून फरशीवर माणूस शोधू लागली. थोड्या वेळाने तेही बसले. माणूस कपाटाखाली सापडला. बॅग शाबूत होती.

दोघं मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरने त्यांना चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, कागदावर एक वाक्य लिहायला लावलं. लिहिताना अक्षर ओळीच्या शेवटापर्यंत मुंगीएवढं झालं. कंपवात आहे, असं त्याने सरळ सांगितलं. गोळ्यांनी थरथर कमी होईल, बरीच वर्षं नीट जातील, पण पूर्ण जाणार नाही. दातवाल्यांनी एकच विचारलं, अर्ध्या मिलिमीटरचं काम जमेल का. डॉक्टरने गोळ्यांची चिठ्ठी पुढे सरकवली आणि म्हणाला, ते जमेल या भरवशावर राहू नका.

दुसऱ्या दिवशी पेशंट यायच्या आधीच ते डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. त्यांना फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तेव्हा दातवाल्यांना शंका आली आणि त्यांनी विचारलं, चुकलेला तो एकच नमुना होता का. बाई हातमोजे चढवत म्हणाल्या की आणखी पाच-सहा असतील, ते त्यांनी स्वतःच सरळ करून घेतले.

“मला न सांगता?”

“काय सांगणार होते मी तुम्हाला?”

“चुकलंय म्हणून सांगायचं,” दातवाले म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण बाईंनी मान वर केली. “लोक त्या दातांनी जेवतात. माझ्या मनासाठी काही ठेवून घेऊ नका.”

बराच वेळ बोलून असं ठरलं की साचे आणि दातांचा रंग जुळवणं त्यांच्याकडेच राहील, दात बसवायचं काम बाहेर जाईल. रंगात त्यांच्या नजरेला तोड नव्हती, हे बाईंनी तोंडदेखलं म्हटलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्या दिवशी मेणाची सुरी पुसून ड्रॉवरमध्ये ठेवताना त्यांना ड्रॉवर लवकर लावता येईना.

रविवारी त्यांनी फोटो टाकला नाही. सकाळपासून बसून चार ओळी लिहिल्या. गेल्या चार रविवारचे फोटो जुन्याच कामाचे होते, नवीन काही झालेलं नव्हतं. हाताला कंप आहे. फलाटाचे दिवे माझ्याच हाताने पडले. सिस्टरना मी उत्तर दिलं नव्हतं, त्यांची माफी मागतो. पाठवलं आणि फोन टेबलावर ठेवून ते गॅलरीत गेले. तिथून बाहेरच्या खोलीत, तिथून पुन्हा गॅलरीत. गटावर एरवी माशी शिंकली तरी दहा जण बोलत. आज अर्धा तास कुणीच काही लिहिलं नाही. त्यांनी ठरवलं, गट सोडून द्यावा. फोन उचलला, तेवढ्यात गार्डसाहेबांचं उत्तर आलं.

‘दिवे फलाटाच्या फार कडेला होते. मी म्हणणारच होतो. आता लावाल तेव्हा बोटभर आत घ्या. सिग्नलची तार कुठून नेणार?’

त्याखाली सिस्टरचा अंगठा होता. मग एकाने तारेबद्दल लिहिलं, दुसऱ्याने ते खोडून काढलं, आणि दोघांची तिथेच जुंपली. दातवाल्यांनी सगळं दोनदा वाचलं. आजाराबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं.

दुपारी त्यांनी बायकोला हाक मारली. ती ओले हात पुसत आली. जरा तो माणूस उभा करतेस का, असं त्यांनी विचारलं, आणि ती म्हणाली की तिला यातलं काही कळत नाही. तरी चष्मा घालून आली. ते मागे उभे राहून सांगत होते, गोंद कमी घे, चिमटा आडवा धर, श्वास सोडताना ठेव. ती जीभ दातांखाली धरून वाकली होती. तिने माणूस ठेवला, मनात दहा आकडे मोजले आणि चिमटा सोडला. माणूस उभा राहिला. फक्त त्याची रुळांकडे पाठ होती.

दातवाल्यांचा हात नकळत पुढे गेला आणि मध्येच थांबला.

“चुकलं का?” तिने विचारलं. “मला आपलं वाटलं, हा कुणालातरी सोडायला आला असेल. गाडी गेली. आता घरी निघालाय.”

मग त्यांनी गोंदाची बाटली तिच्याजवळ सरकवली.

“मग त्याला इथे कशाला ठेवलंस?” ते म्हणाले. “थोडा पुढे घे. बाहेर पडायच्या जिन्यापाशी.”