सळईचे आटे

जोतीराम टर्नरला कमरेखालचं काही कळत नव्हतं, कान मात्र शाबूत होते. पाठीत इंजेक्शन देऊन बधिर केलेलं, छातीपाशी हिरवा पडदा, आणि पडद्यापलीकडं त्याची नडगी. पाच वर्षांपूर्वी तो मोटरसायकलवरून पडला, तेव्हा त्या नडगीत सळई घातली होती. आता तिथून पू येत होता. ऑपरेशन करणाऱ्या भैरवी मॅडमनी आधीच सांगून टाकलेलं, "सळई निघाली तर पाय वाचेल. आत अडकली तर हाड फोडावं लागेल, मग पायाची खात्री मी देणार नाही."

सळईच्या डोक्याला आतून आटे असतात. त्यात लांब बोल्ट पिळायचा आणि दणके देत सळई वर खेचायची. एवढंच तर काम! पण मॅडमनी बोल्ट फिरवायला घेतला आणि जोतीरामच्या अंगावर काटा आला.

कर्र... कर्र...

उद्यमनगरात लेथवर लोखंडाला आटे पाडण्यात तीस वर्षं घालवलेला गडी तो. बोल्ट वाकडा धरलाय, हे त्याला झोपेतसुद्धा कळलं असतं. कारखान्यात कुणी असा आवळला, की जोतीराम त्याच्या सात पिढ्या उद्धरायचा.

"मॅडम, थांबा! आटं बसलं न्हाईत!"

"काका, गप्प पडून राहा," मॅडम खेकसल्या. त्यांचाही जीव टांगणीला लागलेला. "जरा घट्ट आहे, जाईल."

कर्र.

"न्हाई जायाचा! आटं कापाय लागलाय त्यो! पाया पडतो मॅडम, आतच तुटंल की!"

"डॉक्टर, यांना झोपवा हो," मॅडम भूलवाल्या डॉक्टरांना म्हणाल्या.

सलाईनच्या नळीला सुई लागली. डोळा मिटला की पाय गेलाच म्हणून समजा! आता कसली भीड न् कसलं काय?

"उलटा फिरवा! एकदाच! हलक्या हातानं मागं मागं न्या. आट्यात आटा पडला की टक् वाजंल, तितनं सुलटा. न्हाई बसला तर खुशाल झोपवा मला!"

मॅडमनी बोल्टवरचा हात थांबवला. पू ओढणारं मशीन तेवढं घरघरत होतं.

"ते मशीन बंद करा," मॅडम म्हणाल्या. "आणि इंजेक्शन थांबवा."

बोल्ट मागं फिरू लागला. एक फेरा गेला, काही नाही. दुसरा निम्मा झाला आणि टक्. इतकं बारीक, की मॅडमना ऐकूच आलं नाही, त्या तशाच पुढं उलटा फिरवत निघाल्या.

"वाजला! आता सुलटा! सुलटा!"

मॅडम थबकल्या. हात उलटला. या खेपेला कसलाच आवाज आला नाही. बोल्ट सरळ आत बसला. मग दणके सुरू झाले. जोतीराम दातओठ खात एकेक मोजत होता. अकराव्याला सळई अख्खी बाहेर आली.

मॅडमनी पडद्यावरून बोल्ट दाखवला. टोकाचे दोन आटे चेपून पार सपाट झाले होते.

"काका, मी तसाच आणखी एक फेरा आवळणारच होते," त्या म्हणाल्या.

जोतीरामला काहीतरी बोलायचं होतं, पण हुंदकाच फुटला. त्याचे दोन्ही हात टेबलाला बांधलेले, म्हणून भूलवाले डॉक्टरच त्याचे डोळे पुसत राहिले.