नळी उजेडाकडे धरा

लडाखमधल्या हानले गावात थुपस्तनच्या स्वयंपाकघरात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. चुलीभोवती, दारात, जिन्यावर माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मधोमध थुपस्तनची आई, अमाले, लालबुंद झालेला डावा डोळा मिटून कण्हत होती. तिच्यापुढे लाबा देलदन थरथरत बसला होता. लाबा म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो तो. देलदनच्या अंगात देव रोज जेवणाआधी यायचा, जेवणानंतर कधीच नाही.

"यंत्रानं हिचा उजेड ओढला!" देव घोगऱ्या आवाजात गरजला. "ताऱ्यांना रक्ताचं कडं, हिच्या दिव्याला रक्ताचं कडं! एकच विष!"

त्यानं पितळी नळी तिच्या डोळ्याला लावली, गाल आत ओढून जोरात चोखलं आणि पांढऱ्या ताटलीत पचकन काळं काहीतरी थुंकला. घरभर एकच सुस्कारा उठला. दोन म्हाताऱ्यांनी तिथल्या तिथे लोटांगण घातलं.

"उद्या विष काढायचा नववा, शेवटचा दिवस. उद्या यंत्र नदीत टाका. तोवर हिनं लेहची खिंड ओलांडली, तर दुसराही डोळा जाईल!"

"ऐकलंस ना?" शेजारची यांगडोल दाराशी उभ्या असलेल्या कुनझेसला म्हणाली. "ताऱ्यांचे फोटो काढायची हौस ना तुला? आता भोग!"

कुनझेस ही अमालेची मुलगी. तिनं मान खाली घातली. तिला उत्तर द्यायचं होतं, पण खरं सांगायचं तर ती स्वतःच घाबरली होती.

पाहुण्यांना तारे दाखवून ती घराला हातभार लावायची. दुर्बीण ज्याच्यावर बसते आणि आकाशाच्या गतीनं फिरते, तो नवा माउंट दहा दिवसांपूर्वी आला होता. पहिल्याच रात्री तिनं तो तपासायला फोटो काढले, तर प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती तांबूस कडं, आणि त्या कड्याला एका बाजूनं फुटलेलं शेपूट. दुसऱ्या संध्याकाळी अमाले म्हणाली, "दिव्याभोवती कडं दिसतंय गं. डोकं फुटतंय." दोन्ही कडी एकच, असं कुनझेसला वाटलं. तिनं ते फोटो भावाला दाखवले, भावानं गावाला, आणि गावानं बाहेरगावाहून देलदनला बोलावून आणलं.

"आचो, लेहच्या दवाखान्यात नेऊ या," ती त्या दिवशीही थुपस्तनला, थोरल्या भावाला, म्हणाली.

"खिंड ओलांडायची नाही म्हणून देवानं सांगितलंय. तुझ्या नादानं आईचा दुसरा डोळा घालवू?"

अंधार पडल्यावर ती गच्चीवर गेली. हवेत चावरा गारठा होता आणि खालून अमालेचं कण्हणं ऐकू येत होतं. उद्या यंत्र नदीत जाणार होतं. जायचंच असेल तर त्याचा दोष काय तो तरी कळावा, एवढंच तिच्या मनात होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तिला गावाजवळच्या वेधशाळेतल्या बाईंनी शिकवलं होतं. आधी माउंट. पाच मिनिटांच्या फोटोत तारे जरासुद्धा लांबट झाले नव्हते, म्हणजे तो निर्दोष. मग तिनं दुर्बिणीची नळी पाव वेढा फिरवली आणि कॅमेरा पूर्वीसारखाच सरळ ठेवला. फोटो आला. शेपूट नळीबरोबर फिरलं होतं.

आकाशात काही असतं तर ते जागचं हललं नसतं. दोष भिंगात होता.

तिनं भिंगावर बॅटरीचा तिरपा उजेड टाकला. सगळ्या काचेवर धुराचा पातळ थर होता आणि काठाला एक तुपकट ठसा, बोटाचा. मग तिला आठवलं. नवी वस्तू घरात आली की शुक्पाच्या सुगंधी पाल्याचा धूर द्यायचा आणि काठाला लोण्याचं बोट लावायचं, ही घराची रीत. अमालेनं माउंटला धूर दिला होता, आणि दुर्बिणीच्या सगळ्यात सुंदर जागी, भिंगाला, प्रेमानं लोणी लावलं होतं.

कुनझेसनं काच हलक्या हातानं पुसली. पुढच्या फोटोत तारे लख्ख होते. खाली मात्र अमाले तशीच कण्हत होती. म्हणजे तिचं कडं वेगळं होतं, ते तिच्याच डोळ्यात होतं, आणि आठ दिवस त्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. कुनझेसला रडूच फुटलं.

नवव्या दिवशी स्वयंपाकघर पुन्हा भरलं. देलदननं नळी ताटात ठेवली आणि डोळे फिरवायला सुरुवात केली. तेवढ्यात कुनझेसनं ती उचलली. नळी हातात आली की उजेडाकडे धरायची, ही तिची सवय. छताच्या झरोक्याकडे धरून तिनं डोळा लावला.

"आचो, बघ. आरपार दिसत नाही."

"ठेव खाली!" देव घोगरा आवाज सोडून एकदम साध्या लडाखीत ओरडला. "जळून जाशील!"

"बघू तर," म्हणत तिनं नळीत जोरानं फुंकर मारली. ताटलीत पचकन काळा गोळा पडला. काजळी आणि लोणी घालून मळलेलं सत्तूचं पीठ.

थुपस्तन ताटलीवर वाकला.

"आज नळी अमालेच्या डोळ्याला तर लावलीच नव्हती," थुपस्तन हळूच म्हणाला.

"देवानं आजचं विष कालच काढून ठेवलं असेल," जिन्यावरून कुणीतरी बोललं. कुणी हसलं नाही. थुपस्तननं देलदनकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं आईला उचललं आणि गाडीकडे धावला.

लेहच्या डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. "काचबिंदू. डोळ्यात दाब वाढतो. दुखू लागलं तेव्हाच आणलं असतं, तर डावा वाचला असता. उजवा वाचवू."

डावा डोळा गेला. देलदनवर गाव चिडलं, त्याला हाकललं. पण कुनझेसला ठाऊक आहे की ते नऊ दिवस त्याच्या एकट्याचे नव्हते. नळी पहिल्या दिवसापासून सगळ्यांसमोर पडून होती. उचलून पाहायला कुणाला मंत्र लागत नव्हता, शाळा लागत नव्हती. भीतीपोटी कुणी विचारलं नाही, तिनंही नाही.

अमाले अजून नव्या वस्तूला लोणी लावते, पण आता दुर्बिणीच्या पायाला. आणि दारात कुणी ताईत, अंगारा, काढा घेऊन आला, की उरलेला एक डोळा त्याच्यावर रोखून म्हणते, "आधी उजेडाकडे धर बाबा. मला बघू दे."