चार केशरी फुलं

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही झेंडूच्या मळ्यातल्या घरी ओट्यावर बसला आहात. समोर शहरातून आलेल्या ताई आहेत. त्या विचारतात, "तुला कधी कुणी कोंडून ठेवलंय का?" उत्तर अगदी ओठांवर आलंय. पण शेजारी आजी बसलीय आणि दारात काका उभे आहेत. सांगाल?

पंचवटीपलीकडच्या एका मळ्यात आरोहीवर अशीच वेळ आली. वडील चिडले की तिला विहिरीजवळच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत कोंडत. पुढे वर्गाचं दार नुसतं लोटलं तरी तिच्या छातीत धडधडायचं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आपलंच काहीतरी चुकत असेल, असं तिला वाटायचं.

शहरातून आलेल्या त्या ताई, मंजुषाताई, वस्तीतल्या मुलांना काय सोसावं लागतं याची माहिती गोळा करत होत्या. ती माहिती मिळाली, तरच शाळेत मुलांचं ऐकून घेणाऱ्या बाई नेमल्या जाणार होत्या. पण आरोहीच्या आधी तिची आजी, नवसाबाई, बोलून मोकळी झाली. "नाय बाई, आमच्यात तसलं काय नाय. लय लाडाची हाय ती. चहा घ्या."

पाहुण्याशी घरातल्या थोरानंच बोलायचं, ही तिथली रीत. अकरा घरी अकरा चहा झाले आणि अकरा कागदांवर 'नाही' उमटलं. शेवटचा कप खाली ठेवताना ताईंच्या लक्षात आलं, की एकाही मुलाचा आवाज आपण ऐकलेला नाही.

दसरा तोंडावर आला होता. दुसऱ्या दिवशी मोठी माणसं फुलं तोडायला गेली आणि मुलं शेडमध्ये माळा ओवत बसली. ताई घरोघरी परवानगी विचारून आल्या आणि मुलांतच बसून ओवू लागल्या. त्यांची माळ पाहून समाधान नावाचा मुलगा म्हणाला, "ताई, ही ट्रॅक्टरलाबी शोभायची नाय." सगळी पोरं खिदळली.

मग ताईंनी एका टोपलीवर फडकं झाकलं. त्या एकेक प्रश्न विचारणार, मुलांनी मुठीत फूल लपवून फडक्याखाली टाकायचं. प्रत्येक प्रश्नानंतर फुलं मोजून टोपली रिकामी करायची. 'हो' असेल तर केशरी, 'नाही' असेल तर पिवळं. कुणी कुणाकडे बघायचं नाही, आणि नको वाटलं तर फूल टाकायचंही नाही.

कोंडण्याचा प्रश्न आला तेव्हा आरोहीनं केशरी फूल मुठीत लपवलं. तिनं ते फडक्याखाली टाकलं आणि पटकन हात मागे घेतला.

ताईंनी फडकं काढलं. सात पिवळी, चार केशरी.

आरोहीनं ती पुन्हा पुन्हा मोजली. चार.

"कुणाचं कुठलं, ते मी विचारणार नाही," ताई म्हणाल्या. "पण ज्याचं केशरी आहे, त्याची यात काही चूक नाही. कुणाला बोलावंसं वाटलं, तर मी संध्याकाळपर्यंत इथंच आहे."

मुलं पुन्हा ओवायला लागली. आरोहीनं सुई फुलात खोचून ठेवली, ती उठून ताईंच्या शेजारी जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "त्यातलं एक माझं हाय."