सरुबाईची चार अक्षरं

गोरखनं माऊसवर बोट दाबलं आणि पान पुन्हा उघडलं. वर इंग्रजी मथळा, खाली काळ्या घोंगडीचा फोटो, मग हनुमंतचं नाव, राजुरीचा पत्ता, फोन. सगळं इंग्रजीत, अगदी नीटनेटकं. फक्त फोटोखाली चार रिकामे चौकोन ओळीनं बसले होते.

"जपानी हाय ते. आपल्या कॉम्प्युटरात जपानी फॉन्टच न्हाई," गोरख म्हणाला. आळेफाट्यावर सायबर कॅफे टाकणारा पहिला माणूस तो, त्यामुळं त्याचा शब्द खाली पडत नसे. "काढूनच टाकतो. बाकी इंग्लिश झकास दिसतंय राव."

"टाक," हनुमंत म्हणाला. त्याला दुपारची एस्टी गाठायची होती.

"काढू नगंस," मागच्या स्टुलावरून सरुबाई म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. आई नुसती हौसेनं आली आहे, असंच हनुमंत धरून चालला होता. घोंगडी तो विणायचा, म्हणून पानावर त्याचं नाव. पण त्या घोंगडीचं सगळं सूत सरुबाईनं कातलेलं. मागल्या वर्षी हारुको नावाची जपानी बाई महिनाभर त्यांच्या घरी राहून तिच्याकडून लोकर कातायला शिकून गेली होती. आता हारुकोच्या गावात घोंगड्यांचं प्रदर्शन भरायचं होतं, त्यासाठीच हे पान होतं, आणि फोटोखाली सूत कातणारीचं नाव जपानी लिपीत हवंच, असं बजावून तिनं ते मेलमध्ये लिहूनही पाठवलं होतं. अख्ख्या पानावर सरुबाईचं नाव होतं ते तेवढ्या जागी, आणि नेमके तिथंच चौकोन आले होते.

सरुबाईनं कमरेच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. हारुकोनं जाताना सरुबाईचं नाव त्यावर जपानीत ठसठशीत लिहून दिलं होतं.

"याचा फोटो लावता ईल का रं बाबा? घोंगडीचा लावलास तसा?"

गोरख जरा वरमला. हे त्याला स्वतःला सुचायला हवं होतं. त्यानं कागद स्कॅन केला आणि चौकोनांच्या जागी ते चित्र बसवलं.

"घ्या मावशी. आता जपानात बी दिसंल आन् जुन्नरात बी."

सरुबाई उठून पडद्याजवळ गेली.

"उलटं लावलंस."

"तुमाला काय कळतंय त्यातलं?" गोरख हसला.

"ही दोन बारकी टिंबं वर पायजेत. खाली आल्यात."

गोरखनं चित्र फिरवलं. सरुबाईनं एकेका अक्षराखाली बोट ठेवलं. "स. रु. बा. ई."

हनुमंत बघतच राहिला. गेल्याच महिन्यात रेशनच्या फॉर्मवर त्यानं स्वतः आईचा अंगठा धरून उठवला होता.

"आये, तुला ह्ये वाचता येतं?"

"रोज सांजंला राखंत माझा हात धरून गिरवून घ्यायची ती. मी तिला सूत शिकवलं, तिनं मला ह्ये."

"मग मराठी का न्हाई शिकलीस?" विचारायचं नव्हतं, पण त्याच्या तोंडून निघून गेलं.

सरुबाईनं कागदाची घडी नीट घातली. ती रागावली नव्हती.

"मराठी दाखवायला कुणी माझ्याजवळ बसलंच न्हाई."

हनुमंतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यानं शेजारची खुर्ची ओढली, आईजवळ टेकला आणि पडद्याकडं बोट करून हळूच म्हणाला,

"यातला रु कोणता?"