मातीवाली कडूबाई

"पट्टीवाले इकडं, मातीवाले तिकडं," असं पुटपुटत कचरूमामांनी ससे दोन पिंजऱ्यांत लावले आणि पट्टीवाल्यांतली कडूबाई गुपचूप मातीवाल्यांत सरकवली. तिच्या जागी दुसरा ससा टाकला. कानांवर खुणा अजून व्हायच्या होत्या, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही.

मामा संभाजीनगरातल्या एका फार्मसी कॉलेजात प्रयोगाची जनावरे सांभाळायचे. आधीची भावंडे दगावली म्हणून या सशिणीला त्यांनी असले नाव ठेवले. त्यांना कचरू म्हणणाऱ्या आईचाही हिशेब तोच होता. मरणाला फसवायची आपली ही जुनी खोड!

तिथे संशोधन करणाऱ्या तनुजा मॅडमनी चिकणमाती धुळीहून कितीतरी बारीक करून रक्त थांबवणारी भुकटी केली होती. सगळ्या सशांना चीर द्यायची. निम्म्यांना माती, निम्म्यांना नुसती पट्टी. मागच्या खेपेला पट्टीवाला एक ससा मामांच्या मांडीवरच रक्त जाऊन मेला होता. म्हणून ही लबाडी.

भुकटी पडताच कडूबाईचे रक्त जागीच थिजले. आठवड्यात जखम सुकली.

"लई गुणाची माती हाय," मामा घरी बायकोला म्हणाले. "वाचली माझी कडूबाई."

"माझं बोट कापलं तवा इचारलं नाय, आन सशापायी जीव टाकता!" गीताबाई फणकारली. मामा खूप दिवसांनी मोकळे हसले.

सोमवारी मॅडम पेढे घेऊन आल्या. "जमलं, मामा! आता मातीवाले एकेक काढा. मारायचेत."

"मारायचे? बरे झाले की ते!"

"म्हणूनच. माती यकृतात, मूत्रपिंडात शिरली का, ते उघडून बघावं लागतं. त्याशिवाय माणसाला कशी देणार?"

"आन पट्टीवाले?"

"त्यांच्यात माती कुठंय? या खेपेला सगळे जगलेत. राहू देत."

मामांनी कडूबाईकडे बोट दाखवले. "मॅडम, ही पट्टीतलीच हाय. म्या बदलली व्हती."

"चिरा द्यायच्या आधी?"

"व्हय."

"मग माती हिलाच लागली ना?" मॅडम रागावल्यासुद्धा नाहीत. रागावून हाकलले असते तर मामांनी पाय धरले असते. "तुम्हीच धरा हिला. दुसऱ्याच्या हातात फार धडपडते."

सुई दिसताच कडूबाई बिचकली. मामांनी तिला छातीशी घेतले, पाठीवरून हात फिरवला. तिने त्यांच्या काखेत तोंड खुपसले आणि निवांत झाली. मग मामांनीच तिचा कान सरळ करून सुईसाठी मॅडमपुढे धरला.